यंदा हे कोणी घालत नाही म्हणे!

आज बाहेर पडताना सरळ तो जुना निळा लिननचा शर्ट चढवला. कॉलरची कड विरलीये, एक बटण वेगळ्याच रंगाचं आहे आणि इस्त्री करूनही दहा मिनिटांत चुरगळतो. (लिननचा स्वभावच तो. धाग्यात लवचिकपणा कमी, घडी पडली की पडली.) पण घाम शोषतो, पटकन वाळतो. उन्हाळ्यात मला एवढंच हवं असतं.

मैत्रीण म्हणाली, "अगं, यंदा हे कोणी घालत नाही!"

आता हे 'यंदा' ठरतं कधी? उन्हाळ्याचे कपडे रॅम्पवर येतात आदल्या सप्टेंबरात. पॅन्टोन या रंगांच्या कंपनीचा 'वर्षाचा रंग'ही असाच आधी जाहीर होतो. २०२४ ला 'पीच फझ', २०२५ ला 'मोका मूस'. पीचची हौस फिटते न फिटते तोच तपकिरी दारात हजर!

ट्रेंडशी माझं भांडण नाही हं. ढगळ पॅन्ट्स आल्या तेव्हा सगळ्यात खूश मीच होते. त्या घट्ट जीन्समधून सुटले एकदाची, वर फोन मावेल असे खिसे! पटेल ते घ्यावं, बाकीचं दुसऱ्यांच्या अंगावर बघायलाही छान वाटतं. फक्त ते पॉलिएस्टरचे टॉप तेवढे नकोत, भर उन्हात नुसतं बघूनच उकडतं.