जुन्या अँप्लिफायरचा एकच चॅनल बंद पडला तर

एक चॅनल बंद पडला की पहिला संशय आउटपुट ट्रान्झिस्टरवर जातो. आवाज अधूनमधून जात-येत असेल तर तो संशय बहुधा चुकीचा असतो. आधी दोष कुठल्या भागात आहे ते ठरवा.

अँप्लिफायरला प्रोटेक्शन रिले (बिघाड झाला की स्पीकर आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर स्पीकर काढून टर्मिनलवर डीसी (एकाच दिशेचा व्होल्टेज) मोजा. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडूच नका, व्हूफरची कॉइल जळते. डीसी नसेल तर सेट बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा, मग इनपुटच्या. दोन्हींनी अँप्लिफायरचा तोच चॅनल गप्प राहिला तर दोष आत आहे. मागे प्री-आउट (प्रीअँपमधून बाहेर) आणि मेन-इन (पॉवर अँपमध्ये आत) अशी सॉकेटं असतील तर तिथेही उलटसुलट जोडा. दोष दुसऱ्या स्पीकरवर सरकला तर प्रीअँपमध्ये (सिग्नल हाताळणारा पहिला भाग), जागचा हलला नाही तर पॉवर अँपमध्ये (स्पीकर चालवणारा भाग).

हळू आवाजात चॅनल गायब किंवा फाटका, आणि व्हॉल्यूम वाढवताच एकदम परत? हे काळवंडलेल्या रिले कॉन्टॅक्टचं लक्षण. जास्त करंट तो काळा थर भेदून जातो. कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टमधून ओढा. सँडपेपर नको, वरचा मुलामा निघून जातो. खड्डे पडले असतील तर रिले बदला. टेप मॉनिटर, मोड आणि स्पीकर स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लिनर मारून प्रत्येक स्विच २०-३० वेळा फिरवा.

इथवर काही सापडलं नाही तरच बोर्डाकडे वळा. प्लग काढा. मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ५०-६० व्होल्ट शिल्लक असू शकतात. ४७० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने प्रत्येक कपॅसिटर अर्धा मिनिट डिस्चार्ज करा आणि मीटरने खात्री करा. मग आउटपुट ट्रान्झिस्टर तपासा: कलेक्टर-एमिटर मीटरवर दोन्ही दिशांनी शून्य ओहम दाखवत असेल तर शॉर्ट. अशा वेळी जोडीतले दोन्ही बदला, ड्रायव्हर (आउटपुटला चालवणारे आधीचे ट्रान्झिस्टर) आणि ०.२२ ते ०.४७ ओहमचे एमिटर रेझिस्टरही तपासा. नाहीतर नवी जोडी पहिल्याच सेकंदाला जाते.

पहिल्यांदा सुरू करताना स्पीकर काढून ठेवा आणि मेन्समध्ये ६० वॅटचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावा. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भगभगीत राहिला तर शॉर्ट अजून आहे.

सर्किट डायग्राम नसला तरी चालू चॅनल आहेच. त्याच्या प्रत्येक ट्रान्झिस्टरचे व्होल्टेज लिहून घ्या, मग बिघडलेल्या बाजूचे मोजा. फीडबॅकमुळे (आउटपुटचा काही भाग परत आत जात असल्याने) एक भाग गेला तरी पुढचे-मागचे सगळेच आकडे सरकतात, म्हणून नुसत्या फरकावर विसंबू नका. बेस-एमिटरमध्ये साधारण ०.६ व्होल्ट हवेत. ०.८ च्या वर गेले तर तो ट्रान्झिस्टर आतून तुटलाय (ओपन).

दुरुस्तीनंतर आउटपुटला डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. जुना बायस ट्रिमर (आउटपुट ट्रान्झिस्टरमधला स्थिर करंट, म्हणजे बायस, ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर) फिरवण्याऐवजी बदला, कारण त्याचा सरकता कॉन्टॅक्ट सुटला की अनेक सर्किटांत बायस कमालीवर जातो. बायस सर्वात कमी ठेवून सुरू करा, १५ मिनिटं तापू द्या आणि मग लावा: ०.४७ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअर.