धावताना कान मोकळे हवेत : वायरलेस हेडफोन निवडण्याचा माझा अनुभव

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये केलेल्या तपासणीत माझे एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६.२ निघाले. मधुमेह ६.५ पासून पुढे धरतात, म्हणजे मी अगदी उंबरठ्यावर उभी होते, आणि औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी सहा महिने रोज पाऊण तास चालण्या-धावण्याला द्या, असे डॉक्टरांनी बजावले. मी परभणीत एका माध्यमिक शाळेत शिकवते. शाळा सकाळची असल्यामुळे पहाटे पाच ते पावणेसहा एवढाच वेळ माझ्या हाती असतो. वसमत रस्त्याने काळ्या कमानीपर्यंत जायचे आणि पुढे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरातल्या रस्त्यांवर फेऱ्या मारायच्या, हा मार्ग तेव्हा ठरला आणि आजही तोच आहे. एक मिनिट धावा, दोन मिनिटे चाला, अशा आळीपाळीने सूचना देणारे एक अ‍ॅप भाच्याने माझ्या फोनवर घालून दिले होते. त्या सूचना नीट कानावर पडाव्यात आणि मधल्या वेळात अभंग, भावगीते चालू राहावीत, एवढ्यासाठी मला हेडफोन हवे होते. मागणी साधी होती, पण ती पुरी व्हायला आठ महिने गेले आणि तीन वेळा खरेदी करावी लागली.

पहिली जोडी मी सप्टेंबरमध्ये ऑनलाइन मागवली. कानाच्या भोकात घट्ट बसणारे छोटे बड्स, बाहेरचा आवाज दाबणारी नॉइज कॅन्सलेशनची सोय आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘४० तास’ असे सगळे पाहून मी २,३०० रुपये मोजले. घरी बसून ऐकताना आवाज खरोखरच सुरेख होता. धावायला लागल्यावर मात्र प्रत्येक पावलाचा ‘धप’ असा आवाज डोक्याच्या आत घुमू लागला, आणि स्वतःचा श्वास इतका मोठा ऐकू येऊ लागला की त्याखाली गाणे दबून जायचे. पुढे वाचल्यावर कळले की यात त्या बड्सचा दोष नव्हता. कानाचे भोक बंद झाले की हाडांतून आत आलेला शरीराचा आवाज बाहेर निसटत नाही, तो आतच कोंडतो आणि वाढल्यासारखा वाटतो. बोटांनी कान बंद करून जागच्या जागी दोन उड्या मारल्या तरी हे कोणालाही पडताळता येते.

दुसरी अडचण बसण्याची होती. डब्यात रबरी टोप्यांचे लहान, मध्यम आणि मोठे असे तीन जोड होते आणि मी सवयीने दोन्ही बाजूंना मध्यम लावले होते. माझ्या डाव्या कानाचे भोक उजव्यापेक्षा अंमळ लहान आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी त्या टोप्यांमुळे समजले. डावीकडे लहान टोपी लावल्यावर बड गळून पडणे बरेच कमी झाले, तरी घाम आला की तो हळूहळू सरकायचाच. ज्यांना असे बड्स घ्यायचे असतील त्यांनी दोन्ही कानांना वेगवेगळ्या मापाच्या टोप्या लावून पाहाव्यात आणि शक्यतो कानामागे अडकणारा हूक असलेलेच घ्यावेत.

नोव्हेंबरातल्या एका पहाटेने तो प्रश्नच निकालात काढला. उसाचा हंगाम सुरू झाला होता आणि त्या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात. मी रस्त्याच्या डाव्या बाजूने धावत होते आणि नॉइज कॅन्सलेशन चालू होते. एकाएकी उजव्या खांद्याला उसाच्या पाचटाचा फटकारा बसला आणि मान वळवेपर्यंत दुसरी ट्रॉली माझ्या अंगाजवळून निघून गेली. ट्रॅक्टर मला अजिबात ऐकू आला नव्हता. नॉइज कॅन्सलेशन सर्वांत चांगले दाबते ते संथ, एकसारख्या, खालच्या पट्टीतल्या घरघरीला, आणि इंजिनाचा आवाज नेमका तसाच असतो. विमानात किंवा एसटीत हा गुण आहे. अंधारातल्या रस्त्यावर तोच जिवावर बेतू शकतो. बाहेरचा आवाज आत सोडणारा ‘ट्रान्सपरन्सी’ मोडही मी नंतर वापरून पाहिला, परंतु त्यात बाहेरचे आवाज मायक्रोफोनमधून येत असल्याने समोरून वारा असला की नुसता फरफराट ऐकू यायचा. त्या दिवसापासून मी समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने धावते, आणि ते बड्स घरात चटईवर व्यायाम करण्यापुरतेच ठेवले आहेत. तिथे ते उत्तम चालतात.

दुसरी खरेदी गळ्यात अडकवायच्या नेकबँडची. एक कान मोकळा ठेवून दुसऱ्या कानात घालावा, एवढाच विचार त्यामागे होता. पण तो धावताना मानेवर आपटायचा, त्याची वायर मंगळसूत्रात गुंतायची आणि थंडीत डोक्याला स्कार्फ बांधला की कानातला भाग ओढला जायचा. हे सगळे मी सोसले, कारण डब्यावर ‘आयपीएक्स५’ लिहिलेले होते आणि स्टेशन रोडवरच्या दुकानदाराने “ताई, घामाचं टेन्शनच घेऊ नका, वॉटरप्रूफ हाय,” असे छातीठोकपणे सांगितले होते. एप्रिलमध्ये तो चार्ज होईनासा झाला. चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण उचलून भिंगातून पाहिले, तर आतल्या पितळी रंगाच्या बारीक पट्ट्यांवर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट थर जमलेला होता आणि कडेने मिठाची पांढरी रेघ होती.

ही आयपीची भानगड काय आहे, हे मी खरेदीआधी समजून घ्यायला हवे होते, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते. हे मानांकन आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दिले जाते. त्यातला पहिला आकडा धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. पाण्याच्या बाजूला ४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडालेले शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार, आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवणे. धुळीच्या बाजूला ५ म्हणजे थोडी धूळ गेली तरी काम बिघडत नाही आणि ६ म्हणजे धूळ मुळीच शिरत नाही. आकड्याच्या जागी ‘एक्स’ असेल तर त्या बाजूचे मानांकन दिलेलेच नाही. म्हणजे माझ्या आयपीएक्स५ नेकबँडला धुळीविषयी कोणताही शब्द दिलेला नव्हता, आणि आमच्या काळ्या मातीच्या मुलखात उन्हाळ्यात रस्त्यावरून एक जीप गेली तरी धुळीचा लोट उठतो. पाण्याच्या आकड्यांतही एक खोच आहे : ७ मिळालेल्या वस्तूने ५ ची धारेची परीक्षा दिलेली असेलच असे नाही, म्हणून आयपीएक्स७ पाहून ती नळाखाली धरणे योग्य नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या परीक्षा नव्या वस्तूवर आणि साध्या गोड्या पाण्याने होतात. घाम खारट असतो, आणि घामाने ओल्या असलेल्या पट्ट्यांतून चार्जिंगची वीज सोडली की धातू झपाट्याने गंजतो. मी रोज घरी आल्या आल्या, शाळेची घाई म्हणून, तो तसाच चार्जिंगला लावत होते.

कंपनीच्या सेवा केंद्राने ‘लिक्विड डॅमेज’ असा शेरा मारून वॉरंटी नाकारली. मला याचा राग आला आणि तो अजूनही रास्त वाटतो. डब्यावर व्यायामासाठी, घामासाठी म्हणून विकायचे आणि घामाने बिघडल्यावर हात वर करायचे, हे मी मुकाट्याने सोडले नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली आणि बिल, डब्याचा फोटो, त्यावरची जाहिरातीची ओळ आणि सेवा केंद्राचा शेरा अशी कागदपत्रे सोबत जोडली. तीन आठवड्यांनी कंपनीने नवा नेकबँड पाठवला. तो मी भाच्याला दिला. बिल आणि डबा वर्षभर जपून ठेवण्याची सवय मला तेव्हापासून लागली. वॉरंटीत पाण्याने झालेल्या बिघाडाविषयी काय लिहिले आहे, हेही मी आता पैसे देण्याआधी वाचते.

तिसऱ्या वेळी मी उलट बाजूने विचार केला. आवाज किती चांगला, हा प्रश्न शेवटी ठेवला आणि माझा रस्ता, माझी वेळ, माझा चष्मा, माझा स्कार्फ यांना काय चालेल ते आधी कागदावर लिहिले. दोन्ही कान पूर्ण उघडे हवेत. मानेवर काही लोंबकळायला नको. घामाच्या बोटांनीही दाबता येईल असे खरे बटण हवे, कारण टच असलेल्या बड्सवर स्कार्फ घासला तरी गाणे बदलत असे. धूळ आणि पाणी दोन्हींचे आकडे हवेत. अशा गरजेला दोन प्रकारचे हेडफोन उरतात. एकात छोटा स्पीकर कानाच्या तोंडाशी, पण बाहेर राहतो. दुसऱ्यात कानापुढच्या गालाच्या हाडावर बसलेला भाग थरथरतो आणि आवाज हाडातून थेट आतल्या कानापर्यंत जातो. त्याला बोन कंडक्शन म्हणतात. या दुसऱ्या प्रकारात शॉक्झ कंपनीचे नाव धावणाऱ्यांत सर्वाधिक घेतले जाते. त्यांचा ओपनरन २६ ग्रॅमचा, आयपी६७ आणि एका चार्जवर ८ तास चालणारा आहे. तो माझ्या हिशेबात बसत नव्हता, पण कोणत्या आकड्यांशी तुलना करायची हे त्यावरून कळले.

मे महिन्यात सुटीत मनमाड मार्गावरच्या गाडीने छत्रपती संभाजीनगरला बहिणीकडे गेले, तेव्हा तिथल्या एका मोठ्या दुकानात मी दीड तास घालवला. स्वस्तातल्या काही हेडफोनवर बोन कंडक्शन असे लिहिलेले असते, पण आत साधा स्पीकरच असतो, हे मी वाचले होते आणि ते ओळखण्याची खूण सोबत नेली होती. गाणे चालू करून दोन्ही कानांत बोटे घालायची. साधा स्पीकर असेल तर आवाज विझत जातो. खरोखर हाडातून येत असेल तर तो उलट वाढतो आणि भरदार होतो. पहिल्या दोन जोड्यांत आवाज विझला. तिसरी लावून बोटे घातली, आणि तबल्याचा बायाँ, जो तोवर जेमतेम जाणवत होता, तो डोक्याच्या मधोमध वाजू लागला. काउंटरवरच्या मुलानेही स्वतः करून पाहिले आणि त्या दोन जोड्या बाजूला काढून ठेवल्या. मग चष्मा व स्कार्फ दोन्ही घालून मी दुकानाच्या जिन्यावरून चार वेळा वर-खाली धावले, मान झटकून पाहिली, आणि डब्यावरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तपासून मगच ३,८०० रुपये दिले.

पहिल्याच आठवड्यात नवी अडचण आली. घरात सलग वाजणारे हेडफोन विद्यापीठाच्या मोकळ्या रस्त्यावर मात्र तुटक वाजू लागले. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात आणि पाणी त्या शोषून घेते. माणसाचे शरीर तर बहुतांशी पाणीच. घरात त्या भिंतींवर आपटून वळसा घेऊन कानापर्यंत पोहोचतात, उघड्या शिवारात त्यांना परत फिरवायला काही नसते. माझ्या हेडफोनचा लहरी पकडणारा भाग उजवीकडे आहे आणि मी फोन डाव्या खिशात ठेवत होते. कमरेच्या पाऊचमध्ये फोन उजवीकडे सरकवला आणि तक्रार मिटली. हा उपाय फुकटचा आहे, म्हणून हेडफोन परत करण्याआधी करून पाहावा.

या प्रकाराच्या उणिवाही सांगायला हव्यात. खर्जातले सूर पातळ लागतात, आवाज वाढवला की गालाला गुदगुल्या होतात, आणि शेजारून ट्रक जाताना गाण्याचे शब्द हरवतात. अशा वेळी आवाज वाढवायचा नाही, ट्रक जाऊ द्यायचा. हाडातून आलेला आवाजही शेवटी त्याच आतल्या कानात पोहोचतो, त्यामुळे कान उघडा आहे म्हणून तो सुरक्षित आहे, ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. ९० डेसिबलला ती अवघी ४ तासांवर येते. हे अंतर फोनच्या पडद्यावर बोटभर सरकण्याएवढेच असते, म्हणून मी फोनमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घालून ठेवली आहे.

बॅटरीच्या आकड्यांत मी आता गुंतत नाही. पहिल्या बड्सचे ‘४० तास’ डबी धरून होते. एकट्या बड्सचे पाच-सहाच होते, आणि पाऊण तास धावणाऱ्याला तेवढेही भरपूर आहेत. त्यापेक्षा चार्जिंगची वायर कोणती, हे पाहावे. माझ्या हेडफोनला टाइप-सी चालते. काहींना खास चुंबकी वायर लागते आणि ती हरवली तर तालुक्याच्या गावी मिळत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो आणि बंद स्कूटीची डिकी त्याहून कितीतरी जास्त तापते. बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्या मात्र ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असे सांगतात. म्हणून हेडफोन मी डिकीत ठेवत नाही आणि मे महिन्यात त्यांचे चार्जिंग रात्रीच करते.

धावून आले की ओलसर सुती फडक्याने पुसायचे, मग कोरड्या फडक्याने, आणि शाळेतून परत येईपर्यंत खिडकीत ठेवून द्यायचे, चार्जिंग त्यानंतर. गेले सात महिने हाच क्रम आहे आणि झाकणाखालच्या पट्ट्या अजून पहिल्या दिवसासारख्या चकचकीत आहेत. यंदाचा उसाचा हंगामही सुरू झाला आहे. पहाटे मागून ट्रॉल्यांचा खडखडाट काळ्या कमानीच्या कितीतरी अलीकडे ऐकू येतो, मी कडेच्या मातीवर उतरते, ट्रॅक्टर पुढे निघून जातो, आणि अ‍ॅपमधला आवाज तेवढ्यात पुढचा टप्पा सांगून मोकळा होतो.