गाडी कुठली आहे?

पुण्यात पत्ता विचारणाऱ्याला तिरकं उत्तर मिळतं, हा विनोद इतका उगाळून झालाय की तो सोडूनच देऊ. माझ्या मते खरा रस्ता ठाऊक असलेला माणूस वेगळ्याच गोष्टीवरून ओळखता येतो. तो आधी तुमच्या गाडीकडे बघतो. नारायण पेठेत आमच्या ताईच्या घराजवळ झेरॉक्सचं एक दुकान आहे. तिथले काका काउंटरवरून वाकून पहिला प्रश्न टाकतात, "गाडी कुठली आहे?" दुचाकीवाल्याला ते बोळातून पाठवतात, रिक्षावाल्याला पलीकडच्या गल्लीतून. आणि लांबरुंद एसयूव्ही दिसली की सरळ सांगतात, "ती नदीपात्रात लावा आणि चालत या."

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचा भाचा. तो अमेरिकेत डेन्व्हरला असतो. त्याने यंदा एक जुनी आरव्ही घेतली. आरव्ही म्हणजे ताईच्या शब्दांत 'चाकांवरचं वन रूम किचन'. आत ओटा, फ्रिज, संडास, वर एसी, सगळं जागच्या जागी. आता या गाडीला जीपीएसचं यंत्र कुठलं घ्यावं, हा प्रश्न त्याने व्हिडिओ कॉलवर सहज काढला आणि पुण्यात घरात बैठकच बसली. आमच्यापैकी कुणीही असली गाडी चालवलेली नाही, पण सल्ला द्यायला ते लागत नाही.

भावजींचा मुद्दा रोकडा होता. "फोनमध्ये फुकट मिळतं, त्याला पाच-सातशे डॉलर कशाला मोजायचे?"

मुद्दा वरवर बिनतोड आहे. पण फोनमधला नकाशा तुम्हाला उंची विचारत नाही. गूगलने दुचाकीसाठी वेगळा पर्याय आणला तोही २०१७ मध्ये, आणि पहिल्यांदा भारतात. स्कूटर जाते तिथून मोटार जात नाही, ही साधी गोष्ट कळायला बहुधा आपल्यासारख्या गल्ल्यांचा देश लागला असावा. पुढे २०२४ मध्ये चारचाकीला अरुंद रस्ते टाळून नेण्याची सोय आठ भारतीय शहरांत सुरू झाली. त्या पहिल्या आठांत पुणं नव्हतं! आमच्या पेठांचा याहून मोठा अपमान मला तरी आठवत नाही.

आरव्हीसाठीचं यंत्र मात्र झेरॉक्सवाल्या काकांच्या वळणावर गेलेलं आहे. सुरू केल्यावर 'कुठे जायचंय' हे नंतर. आधी गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन, मागे काही ओढताय का, गॅसची टाकी आहे का, याची उलटतपासणी. भाच्याने त्या पडद्याचं चित्र कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं तेव्हा भावजी पहिल्यांदा गप्प झाले.

यातला एकही प्रश्न उगाच विचारलेला नाही. उत्तर कॅरोलिनातल्या डरहॅम गावात एक रेल्वेचा पूल आहे. त्याखालची मोकळी उंची होती अवघी ११ फूट ८ इंच. वर्षानुवर्षं तो भाड्याच्या ट्रकांची टपं सोलून काढत राहिला. शेवटी २०१९ मध्ये तो आठ इंच वर उचलला, तरी अधूनमधून कुणीतरी जाऊन धडकतंच. गॅसचंही तसंच. बाल्टिमोरला बंदराखालून जाणाऱ्या बोगद्यात स्वयंपाकाच्या प्रोपेनच्या टाक्या घेऊन जाऊ देत नाहीत, मग आरव्हीवाल्याला वळसा घालावा लागतो. बोगद्याच्या तोंडाशी पोचल्यावर हे कळून काय उपयोग?

पुढे तीव्र उतार असला की हे यंत्र आधीच सांगतं, ती सूचना मला सगळ्यात पटली. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा आहे, समुद्रसपाटीपासून ११ हजार फुटांहून जास्त उंचीवर. बोगदा ओलांडला की तीव्र उतार लागतो, आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांना शिरायला बाजूला खडीचे चढ केलेले आहेत. हे ऐकताना मला नवा कात्रज बोगदा ते नवले पूल दिसत होता. तिथे उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्या अवजड वाहनांनी काय काय केलंय ते पुणेकराला सांगायला नको.

आकाशातल्या उपग्रहांचा या सगळ्याशी संबंध तसा थोडाच. ते वीस हजार किलोमीटरवरून फक्त वेळ आणि आपला ठावठिकाणा पुकारत राहतात. चार उपग्रहांची हाक ऐकू आली की यंत्र आपली जागा स्वतःच काढतं. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन सरकार सामान्यांच्या संकेतात मुद्दाम खोट घालत असे, शंभरेक मीटरची. शंभर मीटर म्हणजे सदाशिवात जायला निघालेला माणूस नारायणात! ती खोट काढली आणि घरोघरचा जीपीएस कामाचा झाला. पण 'तू इथे आहेस' एवढंच उपग्रह सांगू शकतो. पुढचा पूल किती उंच आहे हे कुणीतरी मोजून नकाशात भरावं लागतं. यंत्राचे पैसे असतात ते खरे या भरलेल्या माहितीचे. म्हणून भाच्याला मी एवढंच म्हटलं की पडदा सात इंची घे नाहीतर दहा इंची, पण नकाशे कायम फुकट अद्ययावत होतात का, ते आधी बघ. आणि डोंगरात रेंज गेली तरी नकाशे यंत्राच्या पोटातच असतात, हा दुसरा फायदा. फोनवरही आधी उतरवून ठेवता येतात म्हणा, पण ते आठवणीने करणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचाय.

"इकडे कधी मिळणार असलं?" ताईने विचारलं. प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे असल्याच राहत्या गाड्यांच्या, पर्यटनाचं धोरण आणलं आणि आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर आतून बदलून केलेल्या कॅराव्हॅन रस्त्यावर दिसतात. पण आपल्याकडे पुलाची उंची कळते ती पुलाअलीकडच्या पिवळ्या-काळ्या लोखंडी कमानीवरून. ती वाजली की समजायचं, आपली गाडी यातून जात नाही. मग मागे लागलेल्या रांगेला हात दाखवत उलटं यायचं, आणि रांगेतला प्रत्येक जण काच खाली करून मार्गदर्शन करणार.

शेवटी भाच्याने आठ इंची यंत्र घेतलं. आता आकडे भरायचे होते. गाडीच्या माहितीपत्रकात उंची १० फूट १० इंच लिहिलेली. मी म्हटलं, त्यात छतावरचा एसी धरलाय का? तो टेप घेऊन शिडीवर चढला, सूनबाईने खालून फोन धरला, आणि इकडून ताई "अरे पडशील, उतर आधी" करत राहिली. एसीच्या टोकापर्यंत भरले ११ फूट ४ इंच. त्याने यंत्रात साडेअकरा फूट टाकले आणि तोच आकडा चिकटपट्टीवर लिहून स्टिअरिंगसमोर लावला.

भावजींनी चष्मा पुसून तो आकडा नीट वाचला.

"टायरमध्ये हवा भरली होतीस ना मोजताना?"

तिकडे शिडी आत ठेवून झाली होती. ती परत बाहेर आली.