पदराची उलटी बाजू

पैठणी घ्यायला गेलेली जाणती बाई आधी पदर उलटा करते. रंग, काठ, मोर हे सगळं नंतर. दुकानदार पदर सरळ पसरून "बघा ताई, काय भरलाय!" म्हणत असतो आणि ती मात्र त्याचं टोक धरून मागची बाजू उजेडात नेते. आमच्या नाशिक जिल्ह्यात, येवल्याला, लग्नसराईत हे दृश्य दुकानोदुकानी दिसतं. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो, कारण त्यावरचा मोर नंतर काढलेला नसतो, तो कापडाबरोबरच जन्माला येतो. विणकर वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या हाताशी ठेवतो, जिथे रंग बदलायचा तिथे एक आडवा धागा दुसऱ्यात अडकवतो आणि आल्या वाटेने परत फिरवतो. एका मोरासाठी हे किती वेळा करावं लागत असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक. यंत्रावरच्या पैठणीला मागे धागे लोंबतात, नाहीतर कापलेल्या धाग्यांची लव दिसते. समोरून ती वाईट दिसत नाही, हेही सांगायला हवं. लग्नाच्या फोटोत कुणाला पत्ताही लागत नाही.

पदर उलटा करायची ही खोड माझ्यात आईकडून आली, पण माझ्या बाबतीत ती साड्यांपुरती राहिली नाही. सिनेमा असो, पुस्तक असो, जुना फोटो असो की एखाद्या वाड्याची चौकट, मला आधी मागे जाऊन बघावंसं वाटतं. हे कुणी केलं, कशात केलं, कुठे अडलं, कुठे जोड दिलाय? 'प्रेरणादायी' म्हणून जे सिनेमे आपल्याला आवर्जून बघायला सांगतात, त्यात नायक पावसात धावतो, मागे व्हायोलिनं वाजतात, मीही अंधारात डोळे पुसते. गाडीतळावर येऊन किल्ली शोधेपर्यंत सगळं उतरलेलं असतं. त्या पूर्ण झालेल्या गोष्टीत माझ्यासाठी टाळ्या वाजवण्यापलीकडे काही काम उरलेलंच नसतं. मागच्या बाजूला मात्र गाठ दिसते, रफू दिसतं, आणि वाटतं की इथून आपल्यालाही हात घालता येईल.

नाशिककरांना याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, १८७० साली, आणि १९४४ मध्ये नाशिकलाच गेले. मधल्या काळात त्यांनी काय काय केलं याची यादी वाचताना दम लागतो. चित्रकला शिकले, फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात आरेखनाचं काम केलं, राजा रविवर्म्याच्या छापखान्याशी जोडले गेले, स्वतःचा छापखाना काढला. आजचा एखादा करिअर सल्लागार हे बघून चिंतेत पडला असता. १९१३ च्या ३ मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला, ती तारीख शाळेच्या पुस्तकात येते. माझा जीव मात्र त्याच्या आधीच्या एका छोट्या फिल्ममध्ये अडकलाय, जी मी पाहिलेलीही नाही. फाळक्यांनी कुंडीत मटार लावला, तिच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून जास्त काळ थोडं थोडं करून एकेक चित्र टिपत राहिले. पडद्यावर ते सगळं मिनिटभराचं. मातीतून अंकुर वर येतो, पानं फुटतात, वेल वर चढतो. एवढ्यावर त्यांनी पैसे घालणाऱ्याला पटवलं. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनहून यंत्रसामग्री आणलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस देवदेवता, राजे, युद्धं असलं काही न दाखवता मटार दाखवतो, याची मला अजून मौज वाटते. दाखवायचं होतं ते एवढंच, की हे यंत्र काळ दुमडू शकतं.

आणि कॅमेऱ्याच्याही मागे सरस्वतीबाई, फाळक्यांच्या पत्नी. त्या काळी कच्ची फिल्म कडेची भोकं न पाडलेली यायची. ती भोकं अंधारात बसून पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, शिवाय चित्रीकरणाला जमलेल्या मंडळींच्या जेवणाचंही बघायचं, हे सगळं या बाईंनी केलं. हरिश्चंद्राचा मुकुट पडद्यावर झळकतो तो त्या भोकांच्या जोरावर. एक जरी वाकडं पडलं तर राजाच उडी मारायचा. पुढे फाळके नाशिकला आले, इथे त्यांनी कंपनी थाटली, आणि 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमळाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. त्याआधी तारामती व्हायला बाई मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंक्यांना नेसवली होती साडी. तो पदर कुणी उलटा करून बघितला नसावा.

फाळके जादूचे प्रयोगही करत. त्यासाठी नाव घेतलं होतं 'प्रोफेसर केळफा'. आडनावाची अक्षरं उलटी लावली की झालं! जादूगार सहसा टोपीचा तळ दाखवत नाही. या जादूगाराने मात्र १९१७ च्या सुमारास 'चित्रपट कसे तयार करतात' अशी एक फिल्मच काढली आणि आपला कारखाना लोकांसमोर उघडा केला. तिचे तुकडे आज पाहायला मिळतात. त्यात फाळके स्वतः आहेत, नटांना सूचना देतायत, फिल्मची पट्टी हातात धरून तपासतायत. सिनेमा नावाची चीज देशात जेमतेम रांगायला लागली होती, लोक पडद्यावरच्या देवाला हात जोडत होते, आणि हा माणूस म्हणतोय, या, मागून बघा. आता प्रत्येक मोठ्या सिनेमाबरोबर पडद्यामागच्या गमतीजमतींचा व्हिडिओ येतो. त्यात सगळे एकमेकांना मिठ्या मारतात आणि "आम्ही एक कुटुंब होतो" असं सांगतात. मला तो पुढच्या बाजूचाच आणखी एक तुकडा वाटतो, इस्त्री करून मागे लावलेला.

फाळके स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे. तिथे आलेली माणसं बहुधा एकतर खाली बागेत रमतात नाहीतर वर चढतात. मी वर चढणाऱ्यांतली. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याची पडवी सहा धिप्पाड आकृत्यांनी खांद्यावर घेतली आहे. अर्धे जमिनीच्या वर, अर्धे खाली, चेहऱ्यावर ओझं. आत गौतमी बलश्रीचा लेख आहे, ज्यात तिने आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, असं काही कौतुक कोरून ठेवलंय की दोन हजार वर्षांच्या आसपास झाली तरी इतिहासाची पुस्तकं त्यावरच चालतात. आईने केलेलं कौतुक म्हणून त्यातलं थोडं वजा करावं का, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडतो. पण माझी नजर जास्त जाते ती अठराव्या लेण्याकडे, चैत्यगृहाकडे, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहाकडे. त्याच्या दर्शनी कमानीत लाकडी वाशांची टोकं असावीत तसं कोरलेलं आहे. दगडाला वाशांची गरज नव्हती. पण कोरणाऱ्यांच्या हातात लाकडाचं काम मुरलेलं होतं, आणि नवं माध्यम मिळाल्यावरही हात जुनंच बोलत राहिले. मोबाइलवर फोटो काढताना 'खट्' आवाज येतो ना, आत काहीही उघडझाप होत नसताना? तो मला तिथे उभं राहून ऐकायला गंमत वाटते.

पुस्तकांच्या बाबतीत माझी ही खोड थोडी असभ्य आहे. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आमचं सावाना, १८४० पासूनचं. वाचनालयातलं पुस्तक घेतलं की मी आधी समासातल्या पेन्सिलीच्या खुणा बघते. लेखकाने काय लिहिलं ते सगळ्यांना सारखंच मिळतं, पण कुणीतरी एका ओळीखाली रेघ मारून बाजूला 'छे!' लिहिलेलं असतं, ते फक्त त्याच प्रतीत. पुस्तकावर लिहू नये हे मलाही मान्य आहे, तरी त्या 'छे!'वाल्याला भेटावंसं वाटतं. कुसुमाग्रजांचं 'विशाखा' इथे घराघरांत आहे आणि त्यातल्या कविता पाठ असणारे चहाच्या टपरीवरही भेटतात. १९४२ साली तो संग्रह वि. स. खांडेकरांनी स्वतः प्रकाशित केला, प्रस्तावनाही त्यांचीच. स्वतः नावाजलेला लेखक दुसऱ्याच्या कवितांसाठी खिशात हात घालतो. त्या संग्रहातल्या कविता मला आवडतातच, पण नवं काही लिहावंसं वाटतं ते खांडेकरांचं हे वागणं आठवल्यावर.

आता नाशिकरोड. इथे कुणी 'प्रेसमध्ये आहे' असं सांगितलं तर तो पत्रकार असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनची, तिच्या पाठोपाठ करन्सी नोट प्रेस आली. टपाल तिकिटं, पासपोर्ट, नोटा असा देशाचा कितीतरी कागद इथून बाहेर पडतो. १९४७ च्या नोव्हेंबरात स्वतंत्र भारताचं पहिलं टपाल तिकीट निघालं, तिरंगा आणि 'जय हिंद' असलेलं, ते इथेच छापलं गेलं. डिझाइन म्हटलं की आपल्याला खुर्च्या, पोस्टर आणि परदेशी फोन आठवतात. माझ्या मते देशात सगळ्यात जास्त हाताळलेलं डिझाइन नोटेवरचं आहे, आणि ते कुणी धड बघत नाही. शंभराची नवी, जांभळट नोट घ्या. पुढच्या बाजूला डावीकडे किमतीच्या आकड्याचे तुटक तुकडे छापलेले दिसतील, अर्धवट, निरर्थक. बाकीचे तुकडे मागच्या बाजूला आहेत. नोट उजेडाकडे धरली की दोन्हींचे तुकडे एकमेकांत बसतात आणि शंभर हा आकडा पुरा होतो. पुढची बाजू एकटी काही सांगत नाही, मागचीही नाही. छपाई केसभर सरकली तर आकडा विस्कटेल, म्हणून तर नकली नोटवाल्याला ते जड जातं. हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी पाकिटातली प्रत्येक नोट खिडकीशी नेऊन पाहिली. भद्रकाली बाजारातल्या भाजीवाल्या मावशी पाचशेची नोट वर धरून बघतात तेव्हा गिऱ्हाइकाला अपमान वाटतो. मला त्या येवल्याच्या दुकानातल्या बाईच्या बहीण वाटतात.

फोटोंचं काय करायचं, हा प्रश्न मात्र मला सुटलेला नाही. आमच्या घरी पत्र्याच्या डब्यात जुने फोटो आहेत. पुढून सगळे सारखेच, सतरंजीवर बसलेले, घाबरून कॅमेऱ्याकडे बघणारे. मागे स्टुडिओचा शिक्का आणि आजोबांच्या अक्षरात 'डावीकडून तिसरी उभी, नर्मदाआत्या, चष्मा उसना' असं काहीबाही. 'चष्मा उसना' हे दोन शब्द नसते तर त्या बाईत मला काय रस असता? फोनमधल्या फोटोला तारीख असते, वेळ असते, जागासुद्धा असते. उसना चष्मा नसतो. दर पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की अख्खं नाशिक रामकुंडाशी जाऊन दुतोंड्या मारुतीचा फोटो काढतं. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर पुराचं माप ठरतं, आणि तेच माप गावाला कळतं. त्या मारुतीला दोन्हीकडून तोंड आहे. मागे जाऊन बघायची सोय न ठेवलेला गावात तेवढा एकच. तरीही मी एकदा पलीकडून फोटो काढलाच. भावाने विचारलं, "हा कुठला मारुती?"

याच भावाची मुलगी डिझाइन शिकते. तिच्या कॉलेजात प्रेरणेचा फळा करायचा असतो म्हणे, आवडत्या चित्रांचे, रंगांचे कपटे चिकटवून. तिने नेटवरची चकचकीत चित्रं लावली होती, सगळी सुंदर आणि सगळी दुसऱ्यांनी पूर्ण केलेली. मी तिला मटाराची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आत्या, फोनमध्ये टाइमलॅप्स असतं गं, बटण दाबलं की झालं." मग दोन दिवसांनी तिलाच काय वाटलं कोण जाणे. मटार उगवायला फार वेळ लागेल म्हणून तिने भिजवलेली मटकी ओल्या फडक्यावर पसरली, ओट्याच्या कोपऱ्यात ताटली ठेवली, पिठाच्या दोन डब्यांमध्ये फोन अडकवला, आणि बटण न दाबता दर अर्ध्या तासाने एकेक फोटो काढायला लागली. रात्री गजर लावून उठली. ताटली कुणी हलवायची नाही, दिवा बंद करायचा नाही, फ्रीजचं दार जोरात लावायचं नाही, असे हुकूम निघाले. स्वयंपाकघर तिचं झालं आणि घरातली बाकीची माणसं चहासाठी परवानगी मागू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, ताटलीत डोकावून बघितलं. मोड बोटभर लांब झाले होते. आईने एक दाणा उचलला (तिथे फिल्ममध्ये आता एक मटकी अचानक नाहीशी होते), उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "बाई गं, याच्यापुढे गेले तर कडू होतील. तुझा सिनेमा संपला असला तर मिसळीला टाकते."