स्टोनवेअरचा पॅन घासण्याआधी थेंबभर पाणी टाकून बघा

स्टोनवेअरचे, म्हणजे मोठ्या आचेवर भाजलेल्या मातीचे बेकिंग पॅन घासून खराब होतात त्यापेक्षा धुऊन, भिजवून आणि घाईने तापवून जास्त खराब होतात. त्यामुळे घासणी हातात घ्यायच्या आधी पॅनचा पोत ओळखावा. कोरड्या पॅनच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाकून दोन मिनिटं थांबा. थेंब तसाच उभा राहिला तर वर झिलई, म्हणजे काचेसारखा गुळगुळीत थर आहे. थेंब पसरून खाली गडद डाग उमटला तर पॅन बिनझिलईचा आहे. बरेच पॅन आतून झिलईचे आणि तळाला कोरे असतात, म्हणून तळही तपासा. पुढचं सगळं या थेंबावर ठरतं.

झिलईच्या पॅनची काळजी सोपी. पूर्ण निवल्यावर कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि मऊ स्पंज पुरे. तारेची घासणी मात्र नको. तिचा लोखंडी कस झिलईवर उतरतो आणि पेन्सिलीने ओढल्यासारख्या करड्या रेघा राहतात. रेघा उठल्याच असतील तर पितांबरीसारखी पावडर ओल्या फडक्यावर घेऊन हलक्या हाताने चोळली की बहुतेक निघतात. राख आणि रांगोळी तांब्यापितळेसाठी ठेवा, झिलईची चमक त्यांनी मरते.

बिनझिलईच्या पॅनला साबण लावू नये. एखादा थेंब लागला म्हणून काही होत नाही, पण साबणाच्या पाण्यात भिजवलेला पॅन ते पाणी बारीक छिद्रांत ओढून घेतो आणि पुढच्या पावाला त्याचा वास येतो. तसं झालंच तर साध्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावा, पाणी बदलून पुन्हा अर्धा तास, मग पूर्ण वाळवावा. नंतर साध्या कणकेची जाड पोळी त्यात भाजून टाकून द्यावी. उरलासुरला वास बहुतेक त्या कणकेत उतरतो.

रोजच्या सफाईला सुकं खरवडणं सगळ्यांत चांगलं. पॅन निवला की लाकडी उलथणं किंवा नायलॉनची पट्टी तिरकी धरून चिकटलेलं काढायचं, मग गरम पाणी आणि नारळाच्या काथ्याची घासणी. न निघणाऱ्या थरासाठी तीन मोठे चमचे खायचा सोडा आणि एक मोठा चमचा पाणी यांचा घट्ट लेप करा. वीस मिनिटं लावून ठेवा, मग खरवडून धुवा. एकदा नाही निघालं तर दुसऱ्यांदा लावा, पण जोर वाढवू नका. सोड्यावर व्हिनेगर ओतायची पद्धत फार पसरली आहे. फेस बघायला छान दिसतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि हातात जवळजवळ खारट पाणीच उरतं. व्हिनेगर वेगळ्या कामाचं आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-रायबागकडे बोअरच्या पाण्याने झिलईवर पांढरा क्षार धरला असेल तर समभाग पाणी घातलेलं व्हिनेगर दहा मिनिटं ठेवून धुवावं.

गुळाचा केक करणाऱ्यांना कोपऱ्यांत काळा, काचेसारखा थर धरल्याचा अनुभव असेल. तो खरवडायच्या आधी पॅन निवू द्या, मग कढत नाही असं गरम पाणी त्यात घालून पंधरा मिनिटं थांबा. गूळ पाण्यात विरघळतो, तिथे ताकद लावायची गरजच नाही. साबणाचा वास काढायचा नसेल तर बिनझिलईच्या पॅनमध्ये पाणी यापेक्षा जास्त वेळ ठेवू नये. मुळात थर धरू नये म्हणून केक ओव्हनबाहेर काढल्यावर दहा मिनिटांनी साच्यातून सोडवावा. पूर्ण गार झाला की गूळ गोंदासारखा धरतो. स्टोनवेअर उष्णता धरून ठेवत असल्यामुळे बाहेर आल्यावरही केक थोडा भाजत राहतो, हे वेळ ठरवताना धरावं. पत्र्याच्या साच्यापेक्षा पाच ते दहा मिनिटं जास्त लागतात.

ओव्हन पूर्ण तापवून जळकं तेल जाळून टाकायचा बेत सोडून द्या. घरगुती ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, साधारण २५० अंशांपर्यंत जातो. तेवढ्यात थराची राख होत नाही, घरभर धूर मात्र होतो.

आता तडा. मांडे ज्या खापरावर भाजतात ते थेट जाळावर पालथं असतं आणि तरी टिकतं. खापराची माती कमी आचेवर भाजलेली, भरड आणि छिद्रांची असते, बारीक भेग पुढे सरकता सरकता एखाद्या छिद्रापाशी थांबते. स्टोनवेअर सुमारे १२०० ते १३०० अंशांना भाजतात. माती आतून बरीचशी काचेसारखी एकजीव होते, म्हणून भेग एकदा सुरू झाली की आरपार जाते. खापराला चालतं ते पॅनला चालत नाही. गॅसवर कधीच नाही, अगदी मंद आचेवरही नाही. फ्रीजमधून थेट ओव्हनमध्ये नाही, आणि बाहेर काढून ओल्या कडाप्प्यावर तर नाहीच. लाकडी पाट किंवा जाड सुती फडक्याची घडी खाली हवी, आणि फडकं कोरडं हवं. गरम पॅनवर नळ सोडणं हा पॅन फोडायचा सगळ्यांत खात्रीचा मार्ग आहे.

आणखी एक कारण कमी लोकांना ठाऊक असतं. काही स्टोनवेअरमध्ये भाजताना क्रिस्टोबलाइट नावाचे सिलिकाचे स्फटिक तयार होतात. ते साधारण सव्वादोनशे अंशांपाशी आकारमान एकदम बदलतात. म्हणून २०० च्या पुढे जायचं असेल तर आच टप्प्याटप्प्याने वाढवावी, आणि बंद केल्यावर दार लगेच सताड उघडू नये. ओटीजीत पॅन मधल्या फळीवर, बाजूंपासून दोन बोटं सोडून ठेवा. खालच्या तापणाऱ्या दांड्यांच्या अगदी जवळ ठेवला तर मधला भाग आधी तापतो आणि कडा मागे राहतात. मंद आचेवर वाळवणं सोडलं तर रिकामा पॅन तापवू नये. मोठ्या पॅनमध्ये मूठभर नानकटाया ठेवणंही जवळजवळ तसंच, निदान दोन तृतीयांश तळ झाकला जावा.

बिनझिलईच्या पॅनला सुरुवातीला तेलाचा हात द्यावा लागतो. करडईचं तेल लवकर सुकून कडक थर धरतं. शेंगतेल तितकं सुकत नाही, म्हणून ते वापरलं तर अगदी पातळ लावा. तेल चोळून झाल्यावर कोरड्या कापडाने पुन्हा पुसा, जणू चुकून लागलं होतं. चिकट, बोटाला धरणारा थर झाला की समजावं तेल जास्त झालं. त्यावर सोड्याचा लेप दोनतीनदा लावावा. काळसर-तपकिरी होत गेलेला तळ मात्र मळ नव्हे, त्याला घासून पांढरा करायचा हट्ट कशाला? तो तसाच चांगला, त्यावर भाजलेलं कमी चिकटतं.

पावसाळ्यात वेगळं लक्ष लागतं. बेळगाव जिल्ह्यातल्याच खानापूर-कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की बिनझिलईचा पॅन रात्रभरात वाळत नाही. ओला पॅन ओव्हनमध्ये गेला की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडू बघतं आणि कपची उडते. धुतल्यावर पालथा न घालता हवा खेळेल असा तिरका उभा करा, दोन दिवस द्या. घाई असेल तर थंड ओव्हनमध्ये ठेवून १०० अंशांवर चाळीस मिनिटं तापवा आणि आतच निवू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशीचा वास धरतो. एकावर एक ठेवताना मध्ये कापड घाला आणि वर जड पातेलं नको.

बाजारात बरणी घेताना टिचकी मारून बघतात, तसंच महिन्यातून एकदा पॅनला लाकडी चमच्याने टिचकी मारा. ठणठणीत आवाज आला तर ठीक. भद आवाज आला तर कुठेतरी भेग आहे, दिसत नसली तरी. तो पॅन ओव्हनमधून कायमचा बाहेर काढा. झिलईवर नुसतं बारीक जाळं पडलं असेल आणि आवाज खणखणीत असेल तर पॅन फुटायच्या बेतात नाही, पण त्या रेघांत तेल-रस मुरतात. त्यात मग खारी-बिस्किटांसारखं कोरडंच भाजा. भेगेचा पॅन गोंदाने चिकटवून पुन्हा तापवू नका, तो कुंडीखालचं ताट म्हणून वर्षानुवर्षं चालतो.