कोनफळाचा जांभळा ब्रेड

दर जानेवारीत मेहुणा वसईहून येतो तेव्हा त्याच्या पिशवीत कोनफळ असतंच. बाहेरून मातकट, केसाळ, ओबडधोबड. पण सुरी घातली की आत गर्द जांभळं. बायको त्याचे रवा लावून काप करते. तरी चार किलोंतलं दोन किलो उरतंच. तीन वर्षांपूर्वी त्या उरलेल्या कोनफळाचा मी ब्रेड केला, आणि तेव्हापासून आमच्याकडे रविवारी पांढरा ब्रेड झालेला नाही.

त्याआधी वर्षभर मी बीटाच्या मागे होतो. बीटाची कणीक मळताना इतकी सुरेख दिसते की लेक ओट्यापाशी येऊन उभी राहायची. राणी रंगाचा मऊ, तुकतुकीत गोळा. फुगून दुप्पट झाला तरी तोच रंग. आणि चाळीस मिनिटांनी ओव्हनमधून काय बाहेर यायचं, तर वरून तपकिरी आणि आतून फिकट, चहात बुडवलेल्या कापडासारखं काहीतरी. लेकीचा चेहरा उतरायचा, माझाही. मी कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. एखादा भाग सारखा बिघडत असेल तर कारण सापडेपर्यंत सोडायचा नाही, ही सवय अंगात भिनलेली. बीटाचा रंग उष्णतेने तुटतो. ब्रेडचा आतला गर 93–95 अंशांपर्यंत तापतो, तेवढ्यात त्याचं काम संपतं. आंबट सोबत मिळाली तर मात्र तो बराच तग धरतो. मग 400 ग्रॅम पिठाला एक मोठा चमचा लिंबाचा रस घातला, बीट चिरून न उकडता सालीसकट वाफवलं आणि टिनवर झाकण ठेवून भाजलं. कापल्यावर आत गुलाबी रंग होता. राणी नाही, गुलाबी. बीटाकडून ओव्हनमध्ये एवढंच मागावं, असं माझं मत झालं.

कोनफळाची गोष्ट वेगळी. त्याचा जांभळा रंग भाजल्यावरही जागेवर राहतो. फिलिपिन्समध्ये याच कंदाला उबे म्हणतात आणि तिथे त्याचे जांभळे पाव, केक, आइस्क्रीम सगळं होतं. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून तळव्यांना तेल चोळून घ्यायचं. मोठे तुकडे करून कुकरला दोन शिट्ट्या, पाणी भांड्यात न घालता. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं. नुसत्या हाताने कुस्करलं तर गुठळ्या राहतात आणि ब्रेडमध्ये त्या ओल्या गोळ्यांसारख्या लागतात.

माझं माप असं: 300 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम गव्हाचं पीठ, 150 ग्रॅम शिजवलेलं कोनफळ, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 7 ग्रॅम मीठ, 15 ग्रॅम साखर, 25 ग्रॅम लोणी. दूध 170 मिलिलिटरपासून सुरू करा आणि उरलेलं हाताला विचारून घाला. कंदात, भाजीत स्वतःचं पाणी असतं, आणि ते भाजीगणिक वेगळं. लाल भोपळा आणि पालक जवळजवळ पाणीच. कोनफळ त्यामानाने कोरडं. पांढऱ्या ब्रेडच्या मापाने पाणी ओतून वर भोपळा घातला की कणकेचं थालीपिठाचं पीठ होतं. मग लोक वरून मैदा घालत बसतात, आणि लोफ घट्ट होतो. लोणी मात्र कणीक चांगली ताणली जाऊ लागल्यावरच घालायचं.

भोपळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्याचा केशरी रंग उष्णतेला दाद देत नाही, चुकायला जागाच नाही. नवीन करणाऱ्याने त्यानेच सुरुवात करावी.

पिवळ्या रंगाने मात्र मला माझ्या आईच्या लहानपणात नेलं. आई सांगलीजवळच्या हरिपूरची. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. तिथे जमिनीखाली पेवं असायची, आणि त्यांत हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची. 2005 च्या पुरात त्यांतली बरीच पेवं गेली. आईच्या माहेरची हळद आजही आमच्या डब्यात असते. एका रविवारी यीस्ट संपलं होतं, म्हणून दही आणि खायचा सोडा घालून हळदीचा झटपट लोफ केला. सोडा चाळून घ्यायचा राहिला. कापला, तर पिवळ्या गरात जागोजागी लाल ठिपके. मी पहिल्यांदा घाबरलोच, वाटलं कसली बुरशी. आई चष्मा नाकावर ओढून जवळ आली, एक ठिपका नखाने उचलला, बोटावर चोळला आणि म्हणाली, "अरे, हे कुंकू झालंय." तिच्या आजोळी हळदीला चुना लावून घरी कुंकू करायचे. चुन्याने होतं तेच सोड्याने झालं होतं. जिथे सोड्याची गुठळी राहिली तिथे हळद लाल. त्या दिवशी तिने कुंकू करण्याची सगळी कृती सांगितली, परातीपासून वाळवणापर्यंत. मी एवढी वर्षं तिच्याबरोबर राहतोय, पण हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. आता हळदीच्या लोफला यीस्टच वापरतो, 400 ग्रॅमला पाऊण चमचा हळद. जास्त घातली तर कडवट लागतो.

पालकाचा हिरवा रंग आंबटाने आणि उष्णतेने शेवाळी होतो. मिनिटभर उकळत्या पाण्यात, मग लगेच गार पाण्यात, हे सगळं केलं तरी थोडा होतोच. त्याला लिंबू लावू नये. बीटाचं औषध पालकाला विष.

आता सारण. सुरुवातीला मी पुरणाचा लोफ केला, तर कापल्यावर आत वरच्या बाजूला बोटभर रुंदीचं भुयार आणि खाली पुरणाचा थर दबलेला. सारण ओलं असलं की वाफ धरते आणि कणीक त्याच्यापासून सुटून वर जाते. शिवाय कणीक चिकटावी म्हणून मी तूप लावलं होतं; तुपाने थर सुटतात, चिकटत नाहीत. हे खरं तर पराठ्यावरून कळायला हवं होतं. आता पाण्याचा हात फिरवतो.

तिळगुळाच्या सारणाने दुसरी अडचण दाखवली. गूळ वितळून शिवणीतून बाहेर आला आणि टिनला करपून चिकटला. त्यावरचा उपाय बायकोने सांगितला, तोही वाक्य न तोडता, भाजी चिरता चिरता: "गुळाच्या पोळीत बेसन का घालतो?" खरंच की. तेलावर खमंग भाजलेलं बेसन पातळ होणाऱ्या गुळाला धरून ठेवतं. आता 100 ग्रॅम भाजलेले तीळ, 50 ग्रॅम सुकं खोबरं, 80 ग्रॅम चिकीचा नव्हे तर साधा गूळ, दोन मोठे चमचे भाजलेलं बेसन, वेलची. कणीक अर्धा सेंटिमीटर जाड लाटायची, कडेला दोन बोटं मोकळी सोडायची, घट्ट गुंडाळी करून शिवण खाली. 180 अंशांवर 35 मिनिटं, पंधराव्या मिनिटाला वर फॉइल. जांभळ्या गरात तिळाचं सोनेरी चक्र येतं. लसणीची चटणी भरायची असेल तर लसूण आधी तेलावर परतून घ्या; कच्च्या लसणाने कणीक सैल पडते.

आणि पूर्ण गार होऊ द्या. तास दीड तास. गरम कापलेला रंगीत ब्रेड सुरीला चिकटतो आणि चक्र फाटतं. आमच्याकडे हा तासच सगळ्यात कठीण असतो. लेक दर दहा मिनिटांनी टिनच्या जाळीपाशी जाऊन येते. कडेचा पहिला तुकडा आईचा, चहाबरोबर. मधले दोन लेकीच्या सोमवारच्या डब्यात.

यंदाच्या कोनफळातला एक बोटभर तुकडा मी ठेवून दिला होता. काल पाहिलं तर त्याला डोळा फुटलाय. जूनमध्ये गॅलरीतल्या जुन्या पिंपात लावणार आहे. मेहुणा म्हणाला, वेल चढायला काठी लांब घे.