डाऊनटाईमच्या रकान्यात टुकू

झिम्बाब्वेत हरारेला विलोवेल म्हणून इंडस्ट्रियल एरिया आहे, तिथं आमचा ब्लो मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात हवेनं फुगवायचा, प्लांट होता, तेलाचे कॅन, फिनाईलच्या बाटल्या असलं काय काय, आणि मी मेंटेनन्सला. पलीकडंच हायफील्ड. गोऱ्यांच्या राज्यात काळ्या कामगारांसाठी वसवलेली वस्ती, बारकी बारकी घरं. आमची बरीच माणसं तिथूनच चालत कामावर यायची. गायक ऑलिव्हर मुटुकुड्झी, म्हणजे सगळ्या देशाचा टुकू, तो या हायफील्डचाच, १९५२ चा जन्म. त्यामुळं आमच्या शॉप फ्लोअरवर त्याच्याबद्दल बोलणं म्हणजे गल्लीतल्या माणसाबद्दल बोलल्यासारखं असायचं, अमक्याचा काका त्याच्या शाळेत होता, तमक्याच्या आईनं त्याला लहानपणी पाहिलंय, खरं खोटं देव जाणे.

सांगतोय तो किस्सा जानेवारी २०१९ चा. १२ तारखेच्या रात्री राष्ट्राध्यक्ष म्नांगाग्वांनी पेट्रोल लिटरला १.२४ डॉलरवरून एकदम ३.३१ केलं. सोमवारपासून तीन दिवसांचा बंद, जाळपोळ, मग रस्त्यावर लष्कर, गोळीबार, माणसं मेली. सरकारनं इंटरनेटच बंद करून टाकलं. घरी आई-बाबांना वाटलं मी गेलोच, कारण व्हॉट्सॅपवर एक टिक पण पुढं सरकत नव्हती. मग २१ ला कोर्टानं सांगितलं की ही इंटरनेटबंदी बेकायदा आहे, तेव्हा कुठं नेट आलं. कॉम्बीचं, म्हणजे तिथल्या वडापचं, भाडं इतकं वाढलेलं की लांबून येणारे लोकपण चालत यायला लागले, आणि सहा-सात किलोमीटर चालून आलेला माणूस मशीनवर उभा राहिला की त्याच्याशी काय बोलणार तुम्ही. बोलायचं कुणाला नव्हतंच. कोण कुठल्या बाजूचा ते माहीत नाही, कोण कुणाचं नाव सांगेल ते माहीत नाही, त्यामुळं सगळे गप.

तर २३ तारीख, बुधवार. बरेच दिवसांनी लाईन धड चालली होती. दुपारनंतर मी पॅनेलपाशी हीटर बँडची वायर बदलत होतो आणि लक्षात आलं की कन्व्हेअरवर बाटल्या साठायला लागल्यात, उचलणारं कोणी नाही. पॅकिंगच्या बायका एका मोबाईलभोवती गोळा. पहिल्यांदा कोणाचा विश्वास नव्हता, आठवडाभर नुसत्या अफवाच चालल्या होत्या ना. मग शिफ्ट सुपरवायझरनं रेडिओ लावला. टुकू गेला होता, हरारेच्याच हॉस्पिटलमध्ये, डायबेटिस होता. बरोबर वर्षापूर्वी याच तारखेला दक्षिण आफ्रिकेचा ट्रम्पेटवाला ह्यू मासेकेला गेला होता, टुकूचा जुना दोस्त, हे पण रेडिओवाल्यानं सांगितलं आणि एक बाई मटकन पॅलेटवर बसली.

आता ब्लो मोल्डिंग वाल्यांना माहीत असेल, हे मशीन पंख्यासारखं बटन दाबून बंद करता येत नाही, बॅरलमध्ये प्लास्टिक वितळलेलं असतं, हीटर चालू ठेवून तसंच सोडलं की आत जळतं आणि पुढच्या हजारभर बाटल्यांत काळे ठिपके येतात. आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर, त्याला सगळे मुधारा म्हणायचे, म्हातारबा टाईप, त्याच्या डोळ्यांतून पाणी चालू आणि हात मात्र काम करत होते. टेम्परेचर खाली घेतलं, पर्ज केलं, म्हणजे बॅरल रिकामं केलं, बाहेर पडलेला गरम लगदा लोखंडी सळीनं ओढून बादलीत टाकला, साचा पुसला, त्यावर ग्रीस लावलं, मग हातमोजे काढून व्यवस्थित घडी करून ठेवले आणि म्हणाला, बॉस, आज इतकंच. मी काय बोलणार, मशीन माझ्यापेक्षा नीट बंद केलं होतं त्यानं. मग कोणीतरी मोबाईलवर ‘नेरिया’ लावलं. ते त्याच नावाच्या सिनेमातलं गाणं, नवरा मेल्यावर दीर सगळी मालमत्ता बळकावतो त्या विधवेची गोष्ट, टुकूनं त्यात कामपण केलंय. पॅकिंगच्या सगळ्या बायकांना पाठ होतं. कंप्रेसर बंद असल्यामुळं शेडमध्ये इतका स्पष्ट आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग आमचं सरकारी काम. शिफ्टच्या शीटवर डाऊनटाईमचा कोड भरावा लागतो: मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, लाईट नाही, मटेरियल नाही, ऑपरेटर नाही. सुपरवायझर पेन घेऊन बसला आणि कुठलाच कोड बसेना. ऑपरेटर तर होता. शेवटी त्यानं रकान्यात नुसतं ‘टुकू’ लिहिलं आणि सही केली. रात्री ती शीट स्कॅन होऊन पुण्याला, कंपनीच्या ऑफिसात गेली आणि सकाळी तिथल्या साहेबांचा फोन.

“काय रे, हे टुकू काय आहे? नवीन स्पेअर आहे का?”

“नाही सर, गायक. काल वारला.”

“गायक गेला म्हणून प्लांट बंद?”

मी सांगायला सुरुवात करणार तेवढ्यात तेच थांबले. हे साहेब २००६ ला बंगलोरला पीन्यामध्ये होते, कन्नड सिनेमाचे राजकुमार गेले आणि दंगल झाली तेव्हा फॅक्टरीत अडकून पडलेले, काचा फुटताना बघितलेल्या त्यांनी. म्हणाले, “दगडफेक वगैरे नाही ना? मग ठीक आहे. पण शनिवारी प्रॉडक्शन पाहिजे मला.” ते काही होणार नव्हतं, ते पुढं येतं.

गुरुवारी दुसरीच बातमी. सरकारनं टुकूला राष्ट्रीय हीरो जाहीर केलं. हा मान तिथं स्वातंत्र्ययुद्धातल्या लोकांना, सत्ताधारी पक्षाच्या बड्यांना मिळतो, कलाकाराला पहिल्यांदाच मिळाला. आणि इथंच आमच्या कॅन्टीनमध्ये ठिणगी पडली. आठवडाभर तोंडाला कुलूप लावलेली माणसं साड्झाच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीच्या, ताटावर भांडायला लागली. सुपरवायझर म्हणे, परवा गोळ्या घातल्या आणि आज आमचा टुकू यांना पाहिजे. मुधारा म्हणे, टुकू कुणाचा होता ते टुकूनंच कधी सांगितलं नाही, तू कोण ठरवणार.

मला त्या भांडणातून जेवढं कळलं तेवढं कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं. १९७७ ला टुकू आणि थॉमस मापफुमो एकाच बँडमध्ये होते, वॅगन व्हील्स. मापफुमो सरळ लढ्याची गाणी गायचा, गोऱ्यांच्या सरकारनं त्याला आत टाकलं, पुढं राष्ट्राध्यक्ष मुगाबेंवर पण तसाच बोलला आणि शेवटी अमेरिकेत, ओरेगॉनला जाऊन राहायला लागला, कार्यक्रमाला परत आला तो थेट २०१८ ला. टुकूनं स्वतःचा ब्लॅक स्पिरिट्स बँड धरला, देश सोडला नाही, साठाहून जास्त अल्बम काढले आणि कुणाचं नाव न घेता बोलायची एक रीत पकडली. ‘टोडी’ हे त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं, नव्वदच्या दशकाच्या शेवटाचं, जेव्हा तिथं चार मोठ्या माणसांतल्या एकाला एचआयव्ही होता. गाण्यात नुसतं विचारलंय, आता काय करायचं, अंगात हे असलं तर करायचं काय. आणि चाल अशी की लग्नात लोक नाचतात त्याच्यावर! मला ते आधी विचित्र वाटायचं. मुधारानं सांगितलं की त्याच्या दोन भावांचं आजारपण घरात कुणी उच्चारत नव्हतं, ते गाणं रेडिओवर लागायला लागल्यावर बोलता यायला लागलं.

आणि ‘वासाकारा’. २००० सालचं. म्हातारा झालायस, मान्य कर, एवढंच गाणं. सगळ्या देशानं ते मुगाबेंसाठी आहे असं धरलं. एका कार्यक्रमात लाईटवाल्यानं हे गाणं चालू असताना स्पॉटलाईट मुगाबेंच्या फोटोवर मारला आणि पोलिसांनी त्याला उचललं. गायक बाजूला, लाईटवाला आत! सुपरवायझरचा मुद्दा हाच, की टुकू सेफ राहिला आणि भोगलं दुसऱ्यानं, वर पक्षाच्या सोहळ्यात पण गायला. मुधारा म्हणे, नाव घेतलं असतं तर गाणं बंद झालं असतं, आणि इथं राहिला म्हणून हरारेजवळच्या नॉर्टनला पोरांना शिकवायला पाकारे पाये सेंटर उभं केलं, ते काय ओरेगॉनमधून होतं का. आणि २०१० ला एकवीस वर्षांचा मुलगा सॅम, तो पण म्युझिशियन, गाडीच्या अपघातात गेला तरी हा माणूस स्टेजवर उभा राहिला, ते विसरलास का. मला विचाराल तर मी मुधाराच्या बाजूचा. परदेशातून खरं बोलणं सोपं असतं असं मी म्हणत नाही, पण ज्याला उद्या त्याच रस्त्यानं घरी जायचंय त्याची भाषा वेगळीच होणार, आणि त्या आठवड्यात तर मला ते रोज दिसत होतं.

टुकूच्या घरच्यांनी ठरवलं की सरकारी हीरोज एकरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय हीरोंच्या दफनभूमीत नाही, गावी मडझिवालाच पुरायचं, उत्तरेकडं आहे ते. यावर मात्र दोन्ही पार्ट्या एकदम खूश. शनिवारी नॅशनल स्पोर्ट्स स्टेडियमवर त्याच्यासाठी कॉन्सर्ट, आमच्याकडं कामावर कोण येणार, मी आणि वॉचमन, मी चिलरची जाळी धुऊन काढली. रविवारी दफन. लोकांनी डिलिव्हरीचा ट्रक मागितला. ट्रक द्यायला माझी हरकत नव्हती पण डिझेल, त्या भावात! तर इकोकॅशवर, म्हणजे तिथल्या मोबाईलवरून पैसे पाठवायच्या सोयीवर, वर्गणी काढली, बुधवारी रडणाऱ्या बायकांनीच दोन तासांत हिशोब जुळवला, मला पण सोडलं नाही. मुधारानं पहाटेच पुढची सीट पकडली.

सोमवारी ड्रायव्हरला विचारलं कसं झालं. म्हणाला, बिंदुरा येईपर्यंत मागं बसून नुसतं भांडत होते, सुपरवायझरपण त्यातच, तिथून पुढं गायला लागले, गर्दी एवढी की ट्रक लांबच लावावा लागला, आणि येताना गाणी संपली की परत भांडण सुरू. बाकी सगळं ठीक पण क्लच प्लेट गेली. ती मी मंगळवारी बदलली, आणि त्याचं बिल कुठल्या खात्यात टाकायचं यावर पुण्याशी अजून एक फोन झाला.